मुकी पट्टी

वकीलसाहेब गेल्याला वर्ष होत आलं, तरी बैठकीच्या खोलीतल्या पियानोची एक पट्टी मुकीच होती. तीही मधली, सतत लागणारी. दाबली की नुसतं ठक्क. शेवटी लेकीने पियानो जुळवणाऱ्याला बोलावलं, आणि आई सकाळपासून धुसफुसायला लागली.

"तो लबाड माणूस माझ्या घरात नको," ती म्हणाली. "मागे हे असताना आला, दिवसभर खुडबुड केली, आणि दुसऱ्या दिवशी पट्टी पुन्हा मुकी!"

कारण खरं होतं, पण पुरतं नव्हतं.

वकीलसाहेब म्हणजे, ज्यांना वकील करणं परवडत नाही अशांसाठी सरकारने नेमलेले वकील. कोठडीच्या गजांशी उभं राहून चोरांची, भुरट्यांची आणि काहीच न केलेल्यांची गाऱ्हाणी ऐकायची, आणि मग कोर्टात त्यांच्यासाठी घसा फोडायचा. आरोपी मळक्या कपड्यांत न्यायाधीशांपुढे उभा राहू नये म्हणून ते घरचे शर्ट घेऊन जायचे. "निळा शर्ट कुठे गेला हो?" असं बायकोने विचारलं की तोंड पाडून सांगायचे, "तीन वर्षांनी सुटेल." ती चिडायची, बडबडायची आणि पुढचा शर्ट इस्त्री करून ठेवायची.

संध्याकाळी घरी आले की हातातली बॅग दारातच टाकून पियानोवर बसायचे. लगेच दोन्ही मुलं दोन बाजूंना, अभ्यास गेला खड्ड्यात. मुक्या पट्टीपाशी आले की हात न थांबवता तेवढा एक सूर ते स्वतःच्या गळ्यातून काढायचे. दिवसभर बोलून घोगरा झालेला आवाज, पण सूर अचूक. एरवी कुणी गा म्हटलं तर लाजून लाल व्हायचे. "तिला बोलता येत नाही ना, तिच्यातर्फे मी," एवढंच म्हणायचे. बायकोला सुराचं अगदी वावडं, पण स्वयंपाकघरात तिचे कान त्या एका सुराकडे लागलेले असायचे.

आता लेक वाजवायला बसली की त्या जागी ठक्क व्हायचं, आणि आईला तिथे ते ऐकू यायचे. अलीकडे मात्र तो आवाज पुसट होत चालला होता. फोनमध्ये त्यांचे ढीगभर फोटो, आवाज एकातही नाही. ती रिकामी जागासुद्धा भरली तर ते उरलंसुरलंही जाईल, असं तिला वाटायचं. पण हे लेकीला सांगायचं कसं? वेड्यात काढलं असतं तिने.

जुळवणारा आला. आईने दारातच सुनावलं, "या वेळी तरी नीट करा. फसवाफसवी नको."

त्याने पियानोची पुढची फळी उतरवली, आत डोकावला आणि हसला.

"बाई, पट्टी मी तेव्हाच दुरुस्त केली होती. अजून ठणठणीत आहे." हातोडी आणि तारा यांच्यामधून त्याने चिमटीने एक घडी बाहेर ओढली. कोर्टात गळ्याशी बांधायचा पांढरा बँड होता तो. कडेला आईच्याच हातची शिवण. मग त्याने पट्टी दाबली, आणि ती खणखणीत वाजली.

"हे साहेबांचं काम. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, आत काय खुपसलं की आवाज बंद होईल म्हणून. मी म्हटलं, अहो, कालच तर वाजती केली! तर म्हणतात कसे, घरातून तक्रार आली आहे."

आईला दुरुस्तीच्या दिवसाची संध्याकाळ आठवली. गाणं कुठेही न अडता पुढे गेलं होतं, आणि ती ओल्या हाताने दारात येऊन म्हणाली होती, "आज गायला नाहीत ते?" "पट्टी वाजते आता. माझं काय काम?" "मग काही मजा नाही," असं म्हणून ती आत निघून गेली होती. जाता जाता बोललेलं वाक्य, तीही विसरून गेली होती. त्यांनी मात्र ते मनावर घेतलं.

"आणि मी तेव्हा आठवडाभर तुम्हाला शिव्या घालत होते," ती जुळवणाऱ्याला म्हणाली. "जन्मभर परक्यांवरचे आळ धुतले या माणसाने, आणि तुमच्या बाजूने एक शब्द काढला नाही! नुसती मान डोलवत होते." ती हसत होती, आणि डोळ्यांना पदर लावत होती. "माफ करा हो."

"मग आई, काढूनच टाकायचा ना आता?" लेकीने विचारलं.

आईने बँड हातात घेतला, जुन्याच घड्यांवर नीट दुमडला आणि जुळवणाऱ्याला परत दिला. "होता तिथे ठेवा."

तो गेल्यावर लेक बापाचं रोजचं गाणं वाजवायला बसली. मुकी पट्टी आली. ठक्क. आईने जन्मात पहिल्यांदा गायला तोंड उघडलं, आणि सूर भलतीकडेच लागला. लेक हसली नाही, थांबलीही नाही. तिने तीच ओळ पुन्हा घेतली.