बापाच्या दहाव्याला लावलेली कनात

आता हसायचं असेल तर हसा, पण मी आजवर जेवढी माती खाल्ली, त्यातली सगळ्यात मोठी बापाच्या दहाव्याला खाल्ली. तीही माईकवरून.

आमच्याकडं, प्रवरेच्या काठाला, माणूस केवढा होता ते तो मेल्यावर दहाव्या दिवशी ठरतं. सकाळी घाटावर दशक्रिया, मग प्रवचन, मग पुढाऱ्यांच्या श्रद्धांजल्या. मेलेल्याचं नाव पुढारी चिठ्ठीत बघून घेतात, ते चालतं. लोक घरी जाऊन एवढंच सांगतात, गर्दी होती का नव्हती.

आणि ही गर्दी मावावी म्हणून गावातल्या जाणत्या मंडळींनी घाटावर पत्र्याचं शेड बांधलंय. केवढं? आख्खा आठवडे बाजार आत बसेल एवढं. पोरांना अभ्यासाला गावात एक धड खोली नाही, पण मेलेल्यांची सोय बघा. त्यात शंभर माणसं बसली तरी वाटतं, सगळे उठून गेलेत आणि हे चपला शोधायला थांबलेत.

अण्णा, म्हणजे माझे वडील, जन्मभर लोकांच्या दहाव्यांना गेले. पण शेवटी शेवटी सामाईक विहिरीवरून तात्यांशी, म्हणजे सख्ख्या धाकट्या भावाशी, बोलणं तुटलं. सगळी भाऊकी तात्यांच्या बाजूला. त्यात नेमका अण्णांच्या दहाव्याच्याच सकाळी शेजारच्या गावात एका बड्या पुढाऱ्याच्या आईचा दहावा.

आईला दुसरा विषयच नव्हता. "समदी तिकडं जातील रं. तुझ्या अण्णांच्या फोटोपुढं नुसतं शेड दिसंल."

मी सिव्हिलचा डिप्लोमा अर्ध्यात सोडलेला माणूस. पण एक गोष्ट डोक्यात राहिली होती. माणसं तेवढीच असतात, जागा आवळली की त्यांची गर्दी होते. मंडपवाल्याकडून कनात आणली, लग्नात आचाऱ्याचा पसारा झाकायला लावतात ती, आणि शेड आडवं कापलं. फोटोपासून कनातीपर्यंत चाळीसेक खुर्च्या, अशा की पुढच्याच्या पाठीत मागच्याचा गुडघा. आत यायला बाजूनं एक फट, एका माणसापुरती.

आईचे भाऊ, आमचे मामा, बघून म्हणाले, "आरं, ह्यो कोंडवाडा झाला की."

"मामा, तुम्हाला ह्यातलं कळत नाही."

"मला न्हाई कळत. पन कुनी उशिरानं आलं तर?"

"कोण येतंय?"

सकाळी कावळा लगेच शिवला. त्याला गर्दीशी काही देणंघेणं नव्हतं. प्रवचन सुरू झालं तेव्हा खुर्च्या भरल्या होत्या, माणसं खांद्याला खांदा लावून घामाघूम. आई जरा सैल होऊन बसली. मी मात्र आतून पेटलो होतो, कारण ही गर्दी कशाची आहे ते मला माहीत होतं. तात्या नव्हते. भाऊकीतलं एक तोंड नव्हतं. अण्णांनी ज्यांना ज्यांना खांदा दिला, त्यांची पोरं नव्हती.

शेवटी घरच्यांतर्फे आभार मानायला माईक माझ्या हातात आला.

"आलेल्यांचे आभार," मी म्हणालो. "न आलेल्यांचे जास्त. माझ्या बापानं तुमची म्हातारी माणसं पोचवली, आणि तुम्ही आज पुढाऱ्याच्या आईपुढं वाकायला पळालात. ती बाई जिवंतपणी बघितली तरी होती का?"

फटीशी बसलेले मामा उठून दोन्ही हात हलवायला लागले. मला वाटलं, झालं, आले म्हातारे तोंड दाबायला. मी आवाज चढवला.

"आणि आमचे तात्या. विहिरीपायी सख्ख्या भावाच्या दहाव्याला पाय वळले नाहीत. त्या विहिरीला पाणी तरी आहे का?"

मामा कनातीकडं बोट करायला लागले.

"मामा, खाली बसा. तुम्ही सगळी जुनी खोडं एकाच मापाची."

मामा बसले नाहीत. त्यांनी जाऊन कनातीची दोरी सोडली.

कनात खाली आली. मागं शेड भरलेलं. टोप्याच टोप्या, एका अंगाला बाया, पार घाटाच्या पायऱ्यांपर्यंत. तिकडं तोंड दाखवून सगळे इकडं आले होते. आत बघितलं तर पाय ठेवायला जागा नाही, आणि प्रवचन चालू असताना कोण कोणाला उठवणार? बसले बिचारे मागं फरशीवर, गप. शेडभर कर्णे लावले होते मीच. एकेक शब्द पोचला होता.

सगळ्यात पुढं, कनात जिथं होती तिथं, तात्या. घाटाच्या पलीकडच्या अंगाला बसून भावासाठी केस उतरवून आलेले. डोकं तुळतुळीत.

"चालू दे बाळा," ते म्हणाले. "आमाला दिसत न्हवतं, पन ऐकू चांगलं येत हुतं."

आईनं तोंडाला पदर लावला. रडत होती का काय, ते विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

मग सगळे फोटोला फूल वाहायला निघाले. खुर्च्या एकमेकींत अशा अडकलेल्या की वाट उरली ती एकाच माणसाची. मी फोटोशेजारी हात जोडून उभा. म्हणजे ज्याचा ज्याचा उद्धार केला, तो तो एकटा माझ्या तोंडासमोर येऊन थांबणार. ऊन माथ्यावर आलं तरी रांग संपेना. जो तो फूल वाहायचा, मला हात जोडायचा आणि पुढं सरकायचा. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शेवटी तात्या आले. फूल वाहिलं. मग वळून पडलेली कनात गोळा केली, झटकली, नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"मंडपवाल्याला माघारी देऊ नको," ते म्हणाले. "तुझ्या येळंला लागंल."