मोतीरामाची पाठ

अकोल्यात जेवढे लोक हसतात, त्यातले बरेचसे शेषरावाच्या हातचं हसतात. जठारपेठेत ही गोष्ट कुणी उघड बोलत नाही एवढंच. शेषराव कवळ्या करतो. दातांचे डॉक्टर साचे पाठवतात आणि हा माडीवर बसून गुलाबी मेणात एकेक दात लावतो. कोणत्या वकिलाची बत्तिशी झोपताना पेल्यात पोहते, हे त्याला ठाऊक असतं. नाव विचारलं की मात्र ओठ मिटून घेतो. पण लग्नाच्या पंगतीत समोरच्याच्या जबड्याकडे असा मायेनं बघतो, की त्या बिचाऱ्याच्या घशाखाली बुंदी उतरत नाही.

या शेषरावाची काकी सुंदराबाई. ती तिवस्याजवळच्या गावात एकटी राहते. तिचा नवरा मोतीराम एकाहत्तरच्या लढाईत गेला. लग्न होऊन सुट्टी संपेपर्यंत अकरा दिवस घरी होता, तेवढाच संसार. शेषराव जन्मला तो त्यानंतर. काका त्याला नुसता ऐकून माहीत; घरात एकही फोटो नाही.

मागच्या डिसेंबरात गावानं फाट्यावर मोतीरामाचं स्मारक उभारलं. माणसापेक्षा दीडपट उंच शिपाई, छाती धान्याच्या कोठीसारखी, जबडा असा की सुपारी दाताविना फुटावी. गावात कुजबुज झालीच, की हाच शिपाई आणखी दोन फाट्यांवर दुसऱ्याच नावानं उभा आहे. सुंदराबाईनं दोरी ओढली, पडदा पडला, टाळ्या झाल्या. तिनं मान वर करून खूप वेळ पाहिलं आणि शेजारच्या शेषरावाला हळूच विचारलं, "हे कोन होय रे?"

स्मारक समितीनं तिला त्याच शिपायाची वीतभर प्रतिकृती दिली, मखमली डबीत. त्याच महिन्यात अमरावतीच्या डॉक्टरांनी डोळे तपासून सांगितलं, काचबिंदू आहे, उन्हाळा सरेतोवर जेमतेम नजर टिकेल. सुंदराबाई डबी घेऊन एसटीनं अकोल्याला आली. म्हणाली, "तू एवढ्या लोकाईले तोंडं करून देतं. याले त्याईच्यावानी कर. दिसते तवर एकडाव पाहून घेतो म्हटलं."

शेषराव कामाला लागला. गावी जाऊन म्हाताऱ्यांना विचारून आला. मोतीरामाचा लहानपणचा जोडीदार सूर्यभान, ऐंशीच्या घरातला, त्यानं मिशी सांगितली, एक भुवई चढलेली सांगितली, आणि पुढच्या दोन दातांमध्ये फट होती हेही सांगितलं. फट म्हटल्यावर शेषरावाचा चेहरा असा उजळला, की सूर्यभानाला वाटलं आपण काही मौल्यवान वस्तू देऊन बसलो.

मग शेषरावाच्या दुपारी त्या शिपायातच जाऊ लागल्या. खिडकीला ओला पडदा, स्पिरिटच्या दिव्याची निळी जीभ, तापलेल्या मेणाचा गोडसर वास. फळीवर मांडलेले पांढरे जबडे अंधारात हसत बसलेले. त्यानं शिपायाचा तो सुपारीफोड जबडा खरवडला, गालांवर मेण चढवलं, ओठ उघडले, सुईच्या टोकानं दोन दात केले आणि त्यांत फट ठेवली. डुलकी लागली की त्याला वाटे, जिन्यावरून कुणी चढून येतंय, पायऱ्या मोजत, आणि वर आल्यावर आपलाच चेहरा कुठे ठेवलाय ते फळीवर शोधतंय. जाग आली की हातातलं मेण ऊबदार असे, गालासारखं.

बायको दीपमाला चहा घेऊन यायची आणि हिरवट शिपायाच्या तोंडावरचा तो हिरडीगुलाबी रंग पाहून पदरात हसायची. तिनं एकदा विचारलंच, की लढाईवर चालले का वरातीत, तेवढं सांगा. शेषराव सुई तापवत राहिला. त्याचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता: काकीनं नुसतं म्हणावं, हेच ते.

मार्चात ती आली. भिंग लावून चेहरा पाहिला, उजेडाकडे धरून पुन्हा पाहिला आणि म्हणाली, "चांगला हाये." लोकांच्या सुनेला म्हणतात तसं.

शेषरावाचं तोंड उतरलं. त्यानं मिशी बदलून दाखवतो म्हटलं, कान मोठे करतो म्हटलं. तेव्हा ती पुतळ्याकडे न बघता बोलली.

"तोंड मले कुठं माईत होतं, शेषराव. अकरा दिवसात आठ दिवस पावणेच होते घरात. पदर नाकापावतर. सासू समोर, सासरे समोर, कोनाच्या तोंडाकडे पाहाव? अन् रात्री दिवा नाही. गावातल्या समद्याईले माईत हाये त्याईचं तोंड, एक मलेच नाही."

"मंग ओळखशील कायनं, काकी?"

"पाठीनं," ती म्हणाली. "गेले तवा पऱ्हाटीच्या कुडामागून पाहिलं म्या. कोनी नोयतं तठी. पदर वर केला अन् पोट भरून पाहिलं. ते वळले नाहीत. वळले असते त मी पदर ओढून घेतला असता."

त्यानंतर ती महिनाभर अकोल्यालाच राहिली आणि शेषरावाजवळ बसू लागली. तिची नजर दिवसेंदिवस धुक्यात जात होती, पण ती चोपन्न वर्षांपूर्वीच्या त्या गाडीवाटेवर लख्ख बघत होती. डावा खांदा खाली, कारण त्या हातात पत्र्याची ट्रंक. उजवी टाच उचललेली. गणवेश नाही, लग्नातलाच पांढरा सदरा, पाठीला घामानं चिकटलेला, मधे वाळलेला. कॉलरला आतून हळद लागलेली, धुतली तरी न गेलेली.

ती सांगे आणि शेषराव मेण चढवी. चूक झाली की ती अंगठा फिरवून म्हणे, अजून थोडं वाकलेले होते, ट्रंक जड होती, सासूनं लाडू भरले होते. बंदुकीचा पट्टा गेला, सदऱ्याच्या चुण्या आल्या. हळूहळू समोरून शिपाई आणि मागून नवरदेव असा एक माणूस तयार झाला. कॉलरच्या आत शेषरावानं खरीच हळद भरली. शेवटच्या दुपारी तिनं तो ओंजळीत घेतला, पाठीवरून अंगठा नेला आणि खांद्याशी थांबवला. मग नाकापर्यंत पदर ओढला, सत्तरीची बाई, आणि शेषरावानं कारण नसताना दिव्याची वात नीट करायला घेतली.

"तोंडाचं काय करू?" त्यानं शेवटी विचारलं.

"राहू दे. लोकाईले पायजे ते."

आता तो शिपाई गावी सुंदराबाईच्या खिडकीत आहे, तोंड बाहेर रस्त्याकडे, पाठ घरात. तिला दिसत नाही. येणारा जाणारा मात्र भला माणूस. वीराची पाठ आपल्याकडे बरी दिसत नाही म्हणून जो तो त्याला हलकेच फिरवून ठेवतो आणि तो गेला की ती चाचपत जाऊन पुन्हा वळवते. परवा सूर्यभान आला होता. चहा होईपर्यंत त्यानंही मोतीरामाला वळवून घेतलं, दातांतली फट पाहून हसला आणि मग तोंड घराकडे करूनच ठेवू लागला.

सुंदराबाईनं चुलीजवळूनच आवाजानं ओळखलं.

"राहू द्या, भाऊजी," ती म्हणाली. "जाऊ द्या त्याईले. मी पाहून राहिली."