शालनबाईंचे सहा डबे

शालनबाई आमच्या निगडीच्या घरामागे, पत्र्याच्या खोलीत राहतात. बाहत्तरच्या दुष्काळात बीडकडून आल्या आणि पुढच्याच वर्षी नवरा गेला. कंपनीत कामाला असलेल्या सहा सड्या माणसांचा स्वयंपाक त्या करत आणि जेवणाच्या सुट्टीआधी सहाही डबे दीड मैल चालत गेटवर पोचवत. त्यांच्या चालीत घाई नसे, रेंगाळणंही नसे. बसने का जात नाही, असं एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “बसमदी मला लई इचार येत्यात.”

सत्त्याहत्तर साली माझी मुलगी नीलिमा कॉलेजच्या परीक्षेत कोरा पेपर ठेवून घरी आली. त्यानंतर चार महिने तिने उंबरठा ओलांडला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. पुण्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, “रोज थोडं चालू दे. दमेल इतकं नको, आणि मागे लागू नका.” मी मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालेली. घरी येताच मी वेळापत्रक करून भिंतीला चिकटवलं. सहाला उठणे, बारा सूर्यनमस्कार, फिरणे. तिसऱ्या दिवशी नीलिमाने तो कागद काढून उशीखाली ठेवला.

एके सकाळी शालनबाई चाळणी परत द्यायला आल्या. आत डोकावून म्हणाल्या, “पोरी, माझा खांदा धरलाय. दोन डबे घेतीस का गेटपतूर?”

“अहो, तिला बरं नाही,” मी म्हटलं.

“मी तिला इचारलं, वैनी.”

मग नीलिमा उठली.

मी पन्नास पावलांवरून त्यांच्या मागे निघाले. वाटेतल्या चिंचेखाली दोघी टेकल्या, तशी मीही एका कुंपणाआड थांबले. शालनबाई मागे न बघताच ओरडल्या, “वैनी, चोरावानी कशाला येताय? डबा तरी धरा, न्हाईतर घरी जा!” नीलिमाच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. मी घरी परतले.

रोज साडेदहाला त्या निघू लागल्या. येताना रिकाम्या पिशव्या हलवत यायच्या. काय बोलता, असं मी नीलिमाला विचारायची. “काही नाही,” ती म्हणायची. ते खरंच होतं. गेटवरचे पहारेकरी बबनराव पहिल्या दिवशी म्हणाले होते, “काय शालनबाई, हाताखाली माणूस ठेवलं का?” त्यावर शालनबाई म्हणाल्या, “हाताखाली मी हाय. साहेब ती हाय.” एवढं एकच नीलिमाने मला आपणहून सांगितलं.

तरी काही दिवस ती जेवायची नाही, काही दिवस रडायची. गोळ्या चालूच होत्या. मी रात्री उठून तिचा श्वास ऐकायची.

ती डबे नेऊ लागल्यावरचा तो पहिलाच रविवार. यांची बँक बंद, घर सुस्तावलेलं, नीलिमा झोपलेली. आज सुट्टी, झोपू दे पोरीला, म्हणून मी तिला हाक मारली नाही. साडेदहाला दारात शालनबाई उभ्या, दोन्ही खांद्यांना जड पिशव्या.

“साहेब कुटंय?”

“आज रविवार ना?”

“तुमचा रविवार, वैनी! कंपनीची सुट्टी बेस्तरवारी. वीज त्या दिशी न्हाई मिळत त्यास्नी. सहा माणसं काय उपाशी ठिवायची?”

इतकी वर्षं या गावात राहून मला ते सुचलं नव्हतं. मी काही बोलायच्या आत नीलिमा मोरीत तोंड धुताना दिसली. वेणी न घालता तिने पिशवी खांद्याला अडकवली. “आई, मला उठवायचं ना गं,” ती चिडून म्हणाली. चार महिन्यांत ती पहिल्यांदा माझ्यावर चिडली होती. मला इतकं बरं वाटलं!

आता मला धास्ती होती ती गुरुवारची. आधीचे चार महिने तिने भिंतीकडे तोंड करूनच काढले होते. डबे नाहीत, तर उठायचं कशासाठी? त्या गुरुवारी साडेदहा वाजले. मी स्वयंपाकघरात उगाच धुतलेली भांडी पुन्हा धूत होते. दारात चपला वाजल्या.

“शालनमावशींकडे जाऊन येते,” नीलिमा म्हणाली. थोड्या वेळाने मागच्या खोलीकडून शालनबाईंचा आवाज आला, “आगं, आठवड्यात एक दीस झोपते मी! जा तुझी तू. चिंचेपतूर जाऊन ये.”

फाटक वाजलं. मी खिडकीपर्यंत गेले, दारापर्यंत गेले, चपलेत एक पाय घातला. मग पाय काढून घेतला आणि पायरीवर बसले. ती पाऊण तासाने आली. हातात चिंचेचे चार आकडे होते. दोन तिने मला दिले, दोन मागे घेऊन गेली.

त्याला आता पाच वर्षं झाली. नीलिमा नगरला शिक्षिका आहे. वाईट दिवस अजूनही येतात, तेव्हा पत्रात फक्त लिहिते, “आज चालून आले.” कंपनीने कँटीन सुरू केलं, डबे बंद झाले. तरी शालनबाई साडेदहाला पिशवी घेऊन निघतातच. आज जाता जाता दाराशी थांबल्या आणि माझ्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघत म्हणाल्या, “पोरगी लागली कामाला. आता तुमी कवा येताय?”

नीलिमाचं पत्र आठ दिवसांत आलेलं नाही. म्हणून जागी आहे, म्हणून हे लिहिते आहे. उद्या साडेदहासाठी चपला मात्र दाराशी काढून ठेवल्या आहेत.