खंदकातली आगाता आत्या

माझी आगाता आत्या गाईवरसुद्धा संशय घेते. गाईनं दूध दिलंय हे तिला मान्य असतं. सगळं दिलंय का, याची खात्री नसते. चीज घेताना ती चकतीवर बोटानं टकटक करते, आवाज ऐकते आणि मग चीजकडे न बघता विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघते.

अशा बाईला आमच्या नेमबाजी मंडळानं खंदकात बसवलं, हे मात्र अगदी बरोबर केलं. शरदातल्या स्पर्धेला आमच्या दरीतल्या घराघरांतून जुन्या फौजी बंदुका बाहेर निघतात. बंदूकवाले लाकडी शेडमध्ये. तिथून तीनशे मीटरवर टार्गेटं आणि टार्गेटांच्या खाली, खंदकात, आम्ही. बार झाला की टार्गेट खाली ओढायचं, भोक शोधायचं, त्यावर कागद चिकटवायचा आणि दांड्याच्या थाळीनं वर गुण दाखवायचे. गोळी लागलीच नसेल तर लाल झेंडा हलवायचा. भोक दोन गुणांमधल्या रेषेवर असलं, की आम्ही बाकीचे मोठ्या मनानं जास्तीचा गुण देऊन टाकतो. आत्या गोळीच्या जाडीची सळई भोकात घालते. पाद्रीबाबांचा दहा तिनं एकदा नऊ केला होता. तो हिवाळाभर पाद्रीबाबा प्रार्थनेनंतर सगळ्यांशी हात मिळवायचे आणि आत्याची पाळी आली की खोकायचे.

तिचा नवरा बाल्झकाका जन्मभर रोपवेवर कामाला होता. त्याचा जीव दोन वस्तूंत. एक आजोबांची एकोणीसशे अकरा सालची लांब रायफल आणि दुसरं त्याहून जुनं, फौजी अधिकाऱ्यांचं रिव्हॉल्वर. पाहुणा आला की कॉफीच्या आधी रिव्हॉल्वर टेबलावर.

"रिकामं आहे. चाप ओढून बघ. कसा लोण्यासारखा जातो!"

"लोण्यासारखा नाही, लोण्यानंच," आत्या स्वयंपाकघरातून ओरडायची. "माझं लोण्याचं फडकं सापडत नाहीये."

रायफलच्या दस्त्याला जवसाचं तेल चोळताना काका गुणगुणायचा. स्पर्धेत ठरावीक गुण मिळवले की पानांचा हार कोरलेला बिल्ला मिळतो. तो काकानं तरुणपणापासून एकदाही चुकवला नव्हता. चारचौघांत सांगून ठेवलं होतं, "ज्या वर्षी बिल्ला नाही, त्या वर्षी बंदूक भिंतीवर. परत हात लावणार नाही."

आणि गेल्या हिवाळ्यापासून त्याला खिडकीतून चर्चचं घड्याळ दिसत नव्हतं. हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. आत्याला सांगायची गरजच नव्हती.

त्या दिवशी चार नंबरला काका होता आणि पाचला कारी झुरफ्लू, त्याचा फौजेतला दोस्त. कारीचा खांदा दुखतो, म्हणून त्याला नवी फौजी रायफल वापरायची सूट होती. तिचा धक्का कमी आणि गोळीही बारीक. काकाचं टार्गेट आत्याकडे होतं, कारीचं माझ्याकडे. बायकोनं नवऱ्याचे गुण मोजण्याला कोणाची हरकत नव्हती. उलट लोकांना काकाचीच कीव यायची.

पहिला बार झाला. मी टार्गेट खाली घेतलं तर कोरं करकरीत. कारी, आणि चुकला? मी झेंडा हलवला. शेजारी आत्याच्या टार्गेटवर बरोबर मधोमध भोक होतं.

"वा! काकानं दहा मारला!"

आत्यानं भोकाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पेन्सिल दे."

"कुठली?"

"खिशातली. पेन्सिलीनं भोक पाडणारे मी बघितलेत."

"आत्या, मी तुझा सख्खा भाचा आहे!"

"म्हणूनच. दे."

पेन्सिल दिली. तिनं सळई भोकाला लावली. शिरेना. तिनं सळई ॲप्रनला पुसली, परत लावली. तरी शिरेना. भोक बारीक होतं.

"थांब," ती म्हणाली. "काही दाखवू नकोस."

दुसरा बार झाला. या वेळी कान देऊन ऐकलं तर एक नव्हे, एकाला चिकटून दोन बार होते. माझं टार्गेट पुन्हा कोरं. तिच्याकडे पुन्हा मधोमध बारीक भोक.

"कारी," आत्या हळूच म्हणाली. "मेला स्वतःचे गुण घालवून याच्या टार्गेटवर मारतोय."

खंदकातला टेलिफोन वाजला. चार नंबरचे गुण का दाखवत नाही, म्हणून वरून विचारत होते.

"आत्या, दाखव ना दहा," मी म्हणालो. "कोणाला कळणार आहे? कारीच्या मनात काही वाईट नाही."

"मला कळलंय ना."

तिनं लाल झेंडा उचलला आणि दोनदा हलवला. आपल्याच नवऱ्याला, सगळ्या गावासमोर. मला तिचा इतका राग आला, की मी तिच्याकडे पाठ फिरवली. मग तिनं टेलिफोन घेतला आणि म्हणाली, "पाच नंबरवाल्याला सांगा, आपल्या टार्गेटकडे बघून मार. चार नंबरवाल्याची बायको आंधळी नाही."

त्यानंतर कारीच्या गोळ्या माझ्याकडे यायला लागल्या, एकाहून एक सरस. चार नंबरवर मात्र झेंड्यामागून झेंडा. प्रत्येक वेळी आत्या झेंडा पूर्ण हलवत होती.

शेवटच्या बाराला तिनं टार्गेट खाली ओढलं आणि वाकून बघितलं. अगदी खाली, डाव्या कडेला, एक मोठं, गोल भोक होतं. सळई सरळ आत गेली. गुण फक्त एक. तिनं थाळी वर नेली आणि इतका वेळ धरून ठेवली, की वरून परत टेलिफोन आला.

बिल्ला मिळाला नाही. कारी काकाजवळ त्या दोन दहांची कबुली देऊन, तोंड लपवून आधीच निघून गेला होता. बाल्झकाका खांद्याला रायफल लावून घराच्या चढावर आमच्यासोबत चालत होता.

"तो शेवटचा," काका म्हणाला, "कुठं लागला?"

"खाली. डावीकडे. अगदी कडेला."

काका थांबला. त्याचा चेहरा उजळला.

"चाप ओढतानाच कळलं होतं मला, बंदूक डावीकडे गेली म्हणून! ते दोन दहा माझे नव्हतेच. ते काही मला जाणवले नव्हते." मग जरा घुटमळत म्हणाला, "पुढच्या वर्षी थोडी उजवीकडे धरून बघावी म्हणतो."

आत्यानं त्याच्याकडे निरखून बघितलं, खरं बोलतोय की तिला बरं वाटावं म्हणून. बराच वेळ बघितलं.

"धर," ती म्हणाली. "पण कारी शेजारी नको."