कॅलेंडरवरचे दोनशे वीस

लॉकडाऊनमध्ये आमचं अख्खं देवळी गाव घरात बसून कंटाळलं होतं आणि आमच्याकडे मात्र, बोलू नये पण बोलते, मजा चालली होती. माझ्या नऊ वर्षांच्या पोरीला दमा. दरवर्षी शाळेतून कुणाची तरी सर्दी घेऊन यायची आणि तिसऱ्या दिवशी छाती शिट्ट्या मारायला लागायची. आता शाळाच बंद! पोरगी दिवसभर अंगणात लंगडी घालायची आणि मी त्या बंद शाळेला मनातल्या मनात हात जोडायची.

वर्ध्याच्या डॉक्टरीणबाई फोनवरच विचारपूस करायच्या. बरं वाटलं म्हणून रोजचा पंप सोडायचा नाही आणि सकाळ-संध्याकाळ मीटर फुंकायचं, हे त्यांनी बजावून ठेवलं होतं. मीटर म्हणजे प्लास्टिकची नळी. जोरात फुंकलं की काटा सरकतो आणि छाती किती मोकळी आहे ते कळतं. पोरीचा चांगला आकडा दोनशे वीस. तो कॅलेंडरवर लिहायचं काम तिनंच मागून घेतलं. त्या दिवसांत नवी नोकरी लागलेली आमच्या घरात ती एकटीच!

नाही, सासऱ्यांनीही एक धरली होती. कोरोना पळवायची. संध्याकाळ झाली की फुटक्या घमेल्यात गोवऱ्या, त्यावर कडुनिंबाचा पाला, वरून कापूर, आणि घमेलं दारात. त्यांचं पाहून गल्लीत दारोदार घमेली लागली. गोठ्यातले डास पळतात, मग कोरोना काय चीज आहे, असं त्यांचं म्हणणं.

मी सासऱ्यांना एकदा बोलले, "मामाजी, पोरीले धूर चालत नाई."

"अवं, हा का चुलीचा धूर हाय? हा औषधाचा धूर हाय."

मी कॅलेंडर पाहिलं. दोनशे वीस. दुसऱ्या दिवशी, दोनशे वीस. गप्प बसले. वरून अल्लीपूरला माहेरी फोन करून सासऱ्यांच्या धुराचं कौतुकही केलं. काय अक्कल ती माझी!

एका संध्याकाळी वेणी घालताना तिच्या पाठीला कान लागला, तर आत बारीक शिट्टी.

"फुंक," मी म्हटलं.

"फुंकलं न मघाशी."

"माह्यासमोर फुंक."

काटा दीडशेवर थांबला. कॅलेंडरवर त्याच दिवसाच्या चौकटीत, तिच्या गोल अक्षरात, दोनशे वीस.

डोकं फिरलं माझं. पण आधी तिला आतल्या खोलीत नेऊन दार लावलं, डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि त्यांनी सांगितले तितके तातडीच्या निळ्या पंपाचे फवारे दिले. शिट्टी थांबली, तशी मी सुरू झाले.

"काऊन खोटं लिहिलं? किती दिवसांपासून लिहून राह्यली?"

"पंधरा दिवस झाले असन." मग हळूच म्हणाली, "तूच म्हणे न, आकडा उतरला तं दवाखान्यात न्या लागते. अन तिथं कोरोनाच्या पायी आईले आत येऊ देत नाई."

म्हटलं होतं मी. पंप घ्यायला कुरकुर केली म्हणून, रागाच्या भरात. पोरगी पंधरा दिवस छातीत धूर घेऊन गप्प राहिली, ती माझ्या जिभेपायी. मला रडू आलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सासरे दाराशी उभे राहून सगळं ऐकत होते. त्यांनी पाण्याची बादली उचलली आणि पेटत्या घमेल्यावर ओतली. समोरची बाई ओरडली, "काकाजी, आता कोरोना येईन न!"

"येऊ दे. मी दारातच बसून राह्यतो. मले भेटून मंग जाईन तो आत."

मग बादली भरून घेऊन गल्लीतलं एकेक घमेलं विझवत निघाले. दोन घरांशी चांगलं वाजलं. एकाची तर नवीकोरी गोवरी भिजली म्हणून तो महिनाभर आमच्याशी बोलला नाही.

इकडे पोरीनं दोनशे वीस खोडलं आणि दीडशे लिहिलं. पेन हातातच ठेवून विचारलं, "आता दवाखान्यात नेशीन का मले?"

"नाई. डॉक्टरीणबाई म्हणे, घरीच बरी होशीन. पण कधी न्या लागलंच, तं मी संग येईन. आत, तुह्या पलंगापाशी."

"तिथं पोलीस रायते."

"राहू दे."

तिनं जरा विचार केला. "तू पोलिसासंगही भांडशीन."

"भांडीनच," मी म्हटलं.

तेव्हा कुठे पोरगी हसली.