मामांना वावरात उकिडवं बसवलं त्याची गोष्ट

माझ्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं आणि चांगला पाऊस पडल्याला त्याहून जास्त. सासरे, म्हणजे मामा, लिंबागणेशजवळच्या एका गावात दूध संस्थेचे चेअरमन होते. वैरण नसल्यामुळे संस्थेचं दूध पार आटलं होतं. चेअरमनपण मात्र थेंबभरही आटलं नव्हतं. असं मी नाही, त्यांची मुलगीच म्हणायची. अर्थात त्यांच्या माघारी.

वैशाखातली गोष्ट. चारा छावणीसाठी बीडला सभा होती आणि मामांना न्यायचं काम माझ्याकडं आलं. मामांना मोटारसायकल पुढं बसून चालवता येत नव्हती, पण मागं बसून उत्तम यायची. "गिअर टाका, पाव्हणं." "हॉर्न द्या, पाव्हणं." पांढरंधोट धोतर, कडक इस्त्रीचा सदरा, टोपी आणि काखेत लोखंडी दांड्याची छत्री. दुष्काळात छत्री कशाला, हे विचारायचं धाडस अजून माझ्यात आलं नव्हतं.

दुपारी निघालो तेव्हा आभाळ भरून आलं होतं आणि लांबवर गुरगुरत होतं.

मी म्हणालो, "मामा, थोडं थांबू या का? संस्थेची इमारत पक्की आहे. गडगडाट ऐकू येतोय म्हणजे वीज इथंही पोचू शकते."

"दोन वर्षं ज्याची वाट बघितली ते आभाळ आलंय, अन आपुन दार लावून बसायचं? चला! अन गाडीला रबराचे टायर हायेत की. विजेला काय घाबरायचं?"

मी शाळेत विज्ञान शिकवत होतो. जी वीज आभाळातून जमिनीपर्यंत येते ती बोटभर रबराला अडत नाही, हे मी पोरांना दरवर्षी सांगायचो. पण पोरं वेगळी आणि सासरा वेगळा. मी मुकाट्यानं किक मारली.

गाव मागं पडलं आणि दोन्हीकडं माळरान लागलं. चिटपाखरू नाही, आडोसा नाही. सगळ्या माळावर उंच अशा दोनच वस्तू दिसत होत्या : पुढं एक एकटं कडुलिंबाचं झाड, आणि गाडीवरचे आम्ही. तेवढ्यात डोळे दिपवून वीज चमकली आणि पाठोपाठ असा कडकडाट झाला की मामांनी माझा खांदाच धरला. माझ्या हातावरचे केस सरळ उभे राहिले. तेव्हा मात्र मी जावई आहे हे विसरलो.

गाडी रस्त्याच्या कडेला लावली. "उतरा मामा. छत्री इथंच टाका. गाडीपासून लांब चला."

"त्या लिंबाखाली जाऊ. ती बघा, दोघं उभी हायेत. ती काय येडी हायेत व्हय?"

खरंच दोन तरुण गाडी बुंध्याला टेकवून उभे होते. मी म्हणालो, "एकट्या झाडावरच वीज आधी पडते, मामा." आणि त्यांच्या हाताला धरून मी त्यांना वावरात उतरवलं. रस्त्यापेक्षा ते बरंच खोल होतं आणि कोरडं ठाक होतं. "पाय जुळवून उकिडवं बसा. मान खाली. कानावर हात. आडवं व्हायचं नाही." सांगताना माझा आवाज थेट चौथीच्या वर्गातला लागला.

मामा बसले. बसले म्हणजे, धोतर सावरत, कुरकुरत, सभेच्या व्यासपीठावरून कुणी खाली उतरवल्यासारखे बसले. मी लांब जाऊन दुसऱ्या बाजूला बसलो.

"पाव्हणं, इतक्या लांब कावून? रुसलात का?"

"जवळ बसायचं नसतं, मामा! एकाला लागली तर दुसरा मदतीला पाहिजे!"

दुसऱ्या चमकेला मामांनी मान वर केली, लिंबाखालच्या दोघांकडं पाहिलं आणि भर सभेत विरोधकाला गप्प करतात तशी आरोळी ठोकली, "ए, तिथं कावून मरायलाव बे! या हिकडं! झाडाखालून निघा आधी!"

तो आवाज चेअरमनचा आहे हे त्या दोघांना न सांगता कळलं असावं. पळत आले आणि मामांनी हातानं दाखवलं तिथं, एकमेकांपासून अंतर ठेवून, पाय जुळवून बसले. एवढी शिस्त संस्थेच्या सभेत मी कधी पाहिली नाही.

पावसाची एक जाड सर आली. विजा चालूच होत्या, एक तर लांबच्या टेकाडावर पडताना दिसली. तेवढ्यात एसटी आली. वावरात चार माणसं कान धरून बसलेली बघून ड्रायव्हरनं गाडी थांबवली. कंडक्टर दारातून ओरडला, "काय मोर्चा हाय का? मग रस्त्यावर बसा की, वावरात कावून?"

एसटी म्हणजे चारी बाजूंनी बंद पत्र्याची गाडी. त्या माळावर त्याहून सुरक्षित जागा नव्हती. आम्ही पळत आत शिरलो. "खिडकी लावा, दांडीला हात लावू नका," मी म्हणालो. मामांनी तेच वाक्य साऱ्या गाडीला मोठ्यानं ऐकवलं.

बीडला सभेत छावणीपेक्षा आमचीच गोष्ट जास्त रंगली. मामा उभे राहून सांगत होते, "मी पाव्हण्यांना म्हणलं, जीव गेला तरी झाडाखाली जायचं न्हाई!" मी मागच्या रांगेत बसून मान डोलावली. छावणीचं पुढच्या सभेत बघू, असं ठरलं.

आभाळ पार शांत झाल्यावर आम्ही एसटीनं परत येऊन गाडी घेतली आणि दिवस मावळायच्या आत घरी पोचलो. तिथं तर भुईसुद्धा भिजली नव्हती. सासूबाईंनी मातीनं भरलेलं धोतर बघितलं आणि काय झालं ते विचारलं. मामा पहिल्यांदाच गप्प होते, म्हणून मीच सांगितलं. मला वाटलं, त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांच्या माहेरची बैलजोडी बाभळीखाली बांधलेली असताना विजेनं गेली होती, हे मला तेव्हा कळलं.

"पाव्हण्यांचं ऐकलंत, बरं झालं," त्या मामांना म्हणाल्या.

"न ऐकून करतो काय? लई जोरात वरडले माझ्यावर."

"मग?"

"मग काय, बसलो," मामा म्हणाले आणि हात-पाय धुवायला न्हाणीत गेले. एरवी पहिलं ताट चेअरमनचं असायचं; त्या दिवशी सासूबाईंनी त्यांच्या आधी माझं वाढलं.