ठमी आज बसली

आमच्या पाळणाघरात एक नियम आहे. पोराने पहिल्यांदा जे काही केलं, ते आम्ही पाहिलेलंच नसतं. पोर पालथं पडतं, बसतं, पहिलं पाऊल टाकतं, सगळं आमच्या डोळ्यांदेखत. पण संध्याकाळी आई न्यायला आली की आम्ही म्हणायचं, "आज-उद्यात चालेल हो, लक्ष ठेवा!" मग ती आई दुसऱ्या सकाळी धावत येते, "अहो, काल घरी चालला!" आणि आम्ही गालावर हात ठेवून म्हणतो, "अगं बाई, खरंच?" कधीकाळी कुणीतरी एका आईला खरं सांगून टाकलं होतं. ती पायरीवर बसून रडली आणि पोराला पुन्हा काही आणलं नाही. तेव्हापासून मालकीणबाईंचा हा नियम. मला असली नाटकं जमत नाहीत. पोटातलं सगळं तोंडावर दिसतं माझ्या, म्हणून मला बाटल्या उकळायला स्वयंपाकघरात टाकलंय.

नाटकात पटाईत होती ती थोपटी. तिचं खरं नाव कुणी घेतच नाही. कसलंही हट्टी पोर असो, हिने पाठीवर चार थापा मारल्या की ते झोपलंच. पाच-सहा पोरं एका वेळी सांभाळून वर आयांशी गोड बोलायची. त्या नियमाचे किस्से घरी जाऊन नणंदेला रंगवून सांगायची, आणि दोघी पोट धरून हसायच्या.

तिला मूल उशिरा झालं. मुलगी. ठेवलेलं नाव राहिलं बाजूला, सगळे ठमीच म्हणायला लागले. पाळणाघरात बायकांनी स्वतःचं मूल आणायचं नाही, हाही मालकीणबाईंचाच नियम, का तर हात आधी आपल्या पोराकडे जातो. नवरा ट्रकवर, घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. म्हणून ठमी दिवसभर नणंदेपाशी. नणंद वयाने मोठी, लग्न न झालेली, खिडकीशी बसून शर्टांना काजं-बटणं करणारी. ठमी रडायची नाही, ओरडायची नाही. ठेवलं तिथे पडून राहायची. शेजारीपाजारी म्हणायचे, काय गुणाचं बाळ आहे!

एके दिवशी थोपटी कामावर आली ती नाचतच. "काल ठमी पालथी पडली!"

"तू पाहिलंस?"

"मी कुठली पाहतेय? वन्संनी पाहिलं. मी गेले तर झोपलेली."

आम्ही हसलो. म्हटलं, घ्या, आता कळलं आयांचं दुःख! तीही हसली. मग ठमी बसायला लागली, तेही दुपारीच. टाळ्या वाजवल्या, त्याही दुपारीच. सुट्टीच्या दिवशी मात्र नुसती मांडीवर लोळायची. वन्सं म्हणायच्या, "आई दिसली की लाडात येते गं, कशाला बसेल?" आता आमच्याकडची अर्धी पोरं अशीच आहेत, दिवसभर धुडगूस आणि आई दिसली की कडेवर मान टाकायची. दुसरी कुणी आई असती तर तिला शंका आली असती. थोपटीला आली नाही, कारण पहिलं काही आईसमोर घडतच नाही हे ती वर्षानुवर्षं बघत आली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

एकदा जुनी झबली-टोपडी द्यायला मी तिच्या घरी गेले. ठमीला दोन्ही हातांना धरून उठवायला गेले, तर मान मागे लोंबली. वर्षाची व्हायला आलेली मुलगी, आणि मान कालच जन्मलेल्या बाळासारखी! मी नणंदेकडे पाहिलं. ती मान खाली घालून सुईत दोरा ओवत होती. दोरा आधीच ओवलेला होता.

"हिला उद्याच्या उद्या डॉक्टरकडे ने," मी म्हटलं.

थोपटी उसळली. "तुला मेलीला चांगलं बघवतच नाही! झोपेतून उठलीय ती. दुपारी ये, बघ कशी बसते. वन्सं, सांगा ना हिला."

"बसते की. कधीकधी," वन्सं म्हणाल्या.

"मग आत्ता बसवून दाखवा!" मी म्हटलं.

थोपटीने मला घराबाहेर काढलं आणि माझ्याशी बोलणं टाकलं. टाकू दे. मी रोज बाटली हातात देताना एकच विचारायचे, "नेलंस का?" शेवटी माझी कटकट थांबावी म्हणून ती तयार झाली. म्हणाली, "चल, डॉक्टर तुझ्या तोंडावरच तुला वेड्यात काढतील." नणंद पाय ओढत मागून आली.

डॉक्टरीणबाईंनी ठमीला टेबलावर बसवलं आणि हळूच हात सैल केला. ठमी कलंडली. पालथं घातलं तर तोंड चादरीत गेलं ते तिथेच राहिलं, बाईंनीच वळवलं.

"घरी बसते का?"

"बसते ना. पालथी पडते, टाळ्या वाजवते. दुपारी."

"तुम्ही पाहिलंय?"

"मी कामावर असते."

"मग कुणी पाहिलंय?"

थोपटीने नणंदेकडे हात केला. किती विश्वासाने केला! नणंदेने तोंडावर हात दाबून धरला होता. तो काढून ती म्हणाली, "कुणीच नाही. एकदाही नाही."

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचत नाहीये म्हणाल्या. तपासण्या सांगितल्या, रोजचे व्यायाम दाखवले. पहिल्या काही महिन्यांत मेंदू फार भराभर शिकतो, तेव्हा सुरुवात झालेली बरी असते, असं म्हणून त्या थांबल्या. ठमी पुढे चालेल का, यावर एवढंच बोलल्या की आज सांगता येणार नाही.

बाहेर बाकावर थोपटी बसली. "का केलंत असं, वन्सं?"

"तू दारातूनच विचारायचीस, आज काय केलं ठमीने? एकदा मी म्हटलं, काही नाही. तर तू जेवली नाहीस. आणि तूच सांगायचीस ना, आईचं मन राखायला तुम्ही काय काय बोलता ते. मला वाटलं, आज-उद्यात बसेलच, मग तुला घरी दिसेलच." तिने ठमीचं झबलं सारखं केलं. "दुपारभर बसवायचे गं मी तिला. उशा लावून लावून बसवायचे."

या बाईला चांगलं फैलावर घ्यायचं म्हणून मी तोंड उघडलं होतं. मिटलं. थोपटी तर रडलीही नाही. मांडीवरच्या ठमीला थोपटत राहिली, ठमी केव्हाच झोपली होती तरी.

आता ती पाळणाघरात नियम पाळत नाही. परवाच एका आईला सरळ म्हणाली, "आज चालला. मी पाहिलं." मालकीणबाईंनी झापलं, तरी ऐकेना. काढून टाकतील एक दिवस.

ठमी अजून बसत नाही. मान जरा धरायला लागलीय असं मला वाटतं, पण माझ्या वाटण्यावर जाऊ नका. कामावरून मी कधी तिच्याबरोबर जाते. चपला काढता काढता ती दारातच विचारते, "आज काय केलं ठमीने?" विचारल्याशिवाय तिला आत जाताच येत नाही.

नणंद सुई खाली ठेवते. "काही नाही," म्हणते.

"बरं," थोपटी म्हणते, आणि हात धुऊन ठमीला चटईवर घेते.